उरलेले औषध आणि मधला हात

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी औषधविक्रेत्यांच्या एका मेळाव्यात एका वयोवृद्ध आणि सर्वमान्य वैद्यकतज्ज्ञांचे व्याख्यान झाले. घरोघरी साठून राहिलेल्या औषधांचे काय करावे, हा विषय होता. आणि त्या ओघात त्यांनी जे वाक्य उच्चारले, त्यावर सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ते म्हणाले, "उरलेली औषधे गरिबाला देणे म्हणजे आपल्या पानातले उष्टे त्याच्या ताटात सारणे होय, ती गोळा अवश्य करावीत, पण जाळण्यासाठी, वाटण्यासाठी नव्हे." मी चौथ्या रांगेत बसलो होतो. टाळीसाठी माझे हात उचलले गेले नाहीत. व्याख्यात्यांचा अधिकार मोठा, त्यांची गरिबांविषयीची कळकळ निःसंशय, आणि त्यांच्या हातून बरे झालेल्यांत माझ्या स्वतःच्या कुटुंबातील माणसे आहेत. परंतु ज्या मताला इतक्या मोठ्या माणसाचे पाठबळ मिळते ते मत चुकीचे असेल, तर त्यापासून होणारी हानीही तितकीच मोठी असते, सबब हे उत्तर लिहिणे मला भाग आहे.

मी छत्तीस वर्षे औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. निवृत्तीनंतरची नऊ वर्षे एका धर्मादाय दवाखान्यात, आठवड्यातून तीन दिवस, लोकांनी आणून दिलेली औषधे पारखण्याचे काम केले. एक राखाडी लोखंडी कपाट, एक नोंदवही, दवाखान्याचे डॉक्टर आणि मी, एवढाच त्या कामाचा सरंजाम होता. आज ते कपाट रिकामे आहे. ते कसे रिकामे झाले, ते पुढे सांगतो.

प्रथम हे औषध उरते कसे, ते पाहिले पाहिजे. कारण 'उरलेले' म्हटले की निष्काळजी श्रीमंताचे घर डोळ्यांसमोर येते, आणि वस्तुस्थिती तशी नाही. डॉक्टर महिन्याभराच्या गोळ्या लिहून देतात, आठव्या दिवशी अंगावर पुरळ उठते किंवा पायांवर सूज येते, औषध बदलले जाते, आणि बावीस गोळ्या घरात पडून राहतात. दुकानदार पाकीट तोडून द्यायला राजी नसतो, म्हणून पाच गोळ्यांची गरज असलेला दहा घेऊन जातो. आणि माझ्या कपाटात सर्वांत अधिक औषध आले ते मृत्यूमुळे. कर्करोगाच्या, मूत्रपिंडाच्या, हृदयाच्या रुग्णासाठी घरच्यांनी उसनवारी करून, प्रसंगी अंगावरचे दागिने मोडून, दोनतीन महिन्यांची बेगमी करून ठेवलेली असते. आणि एके पहाटे त्या बेगमीला धनी उरत नाही. तेराव्यानंतर आठपंधरा दिवसांनी मुलगा किंवा सून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या दारात येत असे. डबा टेबलावर ठेवल्यावरही ही माणसे लगेच उठत नसत. त्यांना पावती नको असे, आभार नको असत, "हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल ना?" एवढेच त्यांना विचारायचे असे.

माझ्या प्रतिवादाचा सारा भार एका साध्या निरीक्षणावर आहे. उरलेले औषध आजही वाटले जातेच. ते भांडी घासायला येणाऱ्या बाईंना दिले जाते, इमारतीच्या रखवालदाराला दिले जाते, गावाकडच्या चुलत्याला कोणाच्या तरी हाती पाठवले जाते. देणाऱ्याच्या मनात दया असते, घेणाऱ्याच्या मनात विश्वास असतो, आणि दोघांच्या मध्ये औषध जाणणारा कोणीही नसतो. एके दुपारी आमच्या दवाखान्यात एक बाई आल्या: घामाने डबडबलेल्या, हात थरथरत असलेल्या, बोलता बोलता शब्द अडखळत असलेल्या. रक्तातील साखर तपासली तर ती फार खाली उतरलेली. ग्लुकोजचे पाणी पिऊन सावरल्यावर त्यांनी पदराच्या गाठीतून एक पाकीट काढले. ज्या घरी त्या पोळ्या करत, तेथील वहिनींनी आपल्या दिवंगत सासऱ्यांच्या राहिलेल्या 'शुगरच्या भारी गोळ्या' त्यांना दिल्या होत्या. बाईंना सरकारी रुग्णालयातून ग्लिमेपिराइड चालू होतीच. आणि या पाकिटावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत निराळे छापलेले असले, तरी त्याखाली बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइडच लिहिलेले होते. एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जात होते. ही दोन पाकिटे ज्या कोणा जाणत्या माणसासमोर शेजारी शेजारी ठेवली गेली असती, त्याने अर्ध्या मिनिटात तो घोटाळा ओळखला असता.

आता व्याख्यात्यांच्या उपदेशाने ती वहिनी थांबणार आहे काय? मला तसे वाटत नाही. ज्या गोळ्यांसाठी आपण हजारो रुपये मोजले, ज्या आपल्या डोळ्यांना स्वच्छ आणि नव्या दिसतात, त्या भट्टीत टाकण्यासाठी दूरच्या एखाद्या पेटीपर्यंत चालत जावे आणि समोर उभ्या असलेल्या गरजू बाईला मात्र नाही म्हणावे, हे आपल्याकडच्या गृहिणीच्या हातून होणे नाही, आणि न होण्यात तिच्या स्वभावाचा दोष नाही. अन्न टाकू नये, औषध टाकू नये, हे तिच्या अंगी मुरलेले आहे. म्हणजे मनाईने औषधाचा प्रवास बंद होत नाही. त्या प्रवासातला जाणता हात तेवढा काढून घेतला जातो.

विरोधकांचा सर्वांत बळकट पुरावा मी स्वतःच मांडतो. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, तेव्हा जगभरातून किमान ५,००० टन औषधे व वैद्यकीय सामग्री तेथे येऊन पडली. ती ओळखून वर्गवार लावण्यासाठी पन्नास माणसांना सहा महिने खपावे लागले. पोहोचतानाच ८ टक्के औषधांची मुदत संपलेली होती, ४ टक्के थंडीने गोठून नासली, आणि राहिलेल्यांपैकी सहज ओळखता येण्याजोगी अवघी ३० टक्के निघाली. पुढे बोस्नियाच्या युद्धात १९९२ ते १९९६ या काळात निरुपयोगी औषधांचे सुमारे १७,००० टनांचे ढीग साचले, आणि ते नष्ट कसे करावेत ही त्या होरपळलेल्या देशापुढे एक स्वतंत्र आपत्ती होऊन बसली. अशा अनुभवांतूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व १९९९ साली ती सुधारली. रुग्णाला एकदा दिलेले आणि परत आलेले औषध दान म्हणून पाठवू नये, असे त्यांत स्वच्छ म्हटले आहे. फ्रान्समध्ये औषधांच्या दुकानांतून परत आलेली औषधे सेवाभावी संस्थांमार्फत परदेशी पाठवण्याची वहिवाट होती, ती २००७ च्या कायद्याने २००८ अखेर बंद झाली. व्याख्यात्यांनी याच तत्त्वांचा दाखला दिला, आणि तो खरा आहे.

परंतु दाखला ज्या प्रकरणातला, त्या प्रकरणापुरताच तो चालतो. एका देशातील लोकांनी आपली कपाटे उपसून, न मागता, न विचारता, ज्या भाषेतील अक्षरे तेथल्या डॉक्टरांना वाचता येत नाहीत अशा वेष्टनांतून, हजारो कोसांवरच्या आपद्ग्रस्तांवर औषधे लोटली, तर काय होते त्याची ती कहाणी आहे. तेथे दाता निवड करत होता आणि घेणाऱ्याला कोणी विचारत नव्हते. आमच्या कपाटापुढे प्रथम रुग्ण येई, त्याच्या हाती डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी असे, आणि मग कपाट उघडले जाई. चिठ्ठीतील औषध असले तर मिळे, नसले तर नसे. ही चाल आर्मेनियाच्या नेमकी उलट आहे. आणि परदेशी पाठवण्यास जे अयोग्य ठरले, ते स्वदेशात बंधने घालून करता येते काय, याचा विचार अमेरिकेत राज्याराज्यांनी स्वतंत्रपणे केला. चाळीसहून अधिक राज्यांनी या दानासाठी कायदे केले. आयोवा राज्यात तर २००७ पासून ही व्यवस्था चालू आहे. अटी थोड्याफार फरकाने सारख्याच आहेत: वेष्टन न उघडलेले असावे, मुदत शिल्लक असावी, नशा आणणारी नियंत्रित औषधे त्यात नसावीत, परवानाधारक फार्मासिस्टने प्रत्येक नग पारखावा, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तो कोणाला देऊ नये.

येथे एक गोष्ट आपल्याकडच्या विद्वानांच्या ध्यानी कशी येत नाही, याचे मला नवल वाटते. अमेरिकेत फार्मासिस्ट मोठ्या बरणीतून गोळ्या मोजून रुग्णाच्या नावाच्या बाटलीत घालून देतो. ती बाटली एकदा घरी जाऊन उघडली गेली की तिचे दान होऊ शकत नाही, आणि म्हणून तेथे वृद्धाश्रमांतील प्रत्येक गोळी निराळी बंद केलेल्या पुड्यांवर फार विसंबावे लागते. आपल्याकडे मात्र बहुतेक गोळी कारखान्यातून निघते तीच ॲल्युमिनियमच्या आपापल्या कप्प्यात बंद होऊन. नवव्या गोळीला आठवीचा वारा लागत नाही. जी अट पूर्ण करण्यासाठी अमेरिकेला खास व्यवस्था करावी लागली, ती आपल्याकडच्या प्रत्येक पाकिटात आपोआप पूर्ण झालेली असते. शिवाय १ ऑगस्ट २०२३ पासून खपातल्या अग्रगण्य ३०० औषधांच्या वेष्टनांवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. मोबाइल समोर धरला की उत्पादक, बॅच क्रमांक आणि मुदत समोर येते. पारखणाऱ्याच्या हाती इतकी साधने यापूर्वी कधीच नव्हती.

पारखणे म्हणजे काय, तेही सांगतो. कारण 'तुम्ही काय नुसते डोळ्यांनी बघणार?' असा प्रश्न मेळाव्यानंतर मला विचारला गेला. प्रथम मुदत आणि बॅच क्रमांक. पाकिटावर ही अक्षरे बहुधा एकाच टोकाला असतात. सुटे विकताना जाणता दुकानदार ते टोक अखेरपर्यंत आपल्याकडे राखतो, त्यामुळे ग्राहकाकडे जो तुकडा जातो त्यावर मुदत नसते. असे कापलेले तुकडे आमच्याकडे ढिगांनी येत, आणि आम्ही ते निरपवादपणे बाजूला काढत असू; आत गोळी कितीही महाग असो, तिचा जन्मदाखला नसेल तर ती आमच्या कपाटात जात नसे. मग पाकीट उजेडासमोर धरून पत्र्याला टाचणीएवढे छिद्र आहे काय ते पाहायचे, प्रत्येक कप्प्यावरून अंगठा फिरवायचा, कॅप्सूल मऊ पडली किंवा एकमेकींना चिकटली काय ते पाहायचे, गोळीच्या कडांचा भुगा झाला आहे काय ते पाहायचे. ॲस्पिरिनचा शिरक्यासारखा आंबूस वास आला की ते बिघडले असे समजायचे. पातळ औषधे, डोळ्यांचे थेंब, फ्रीजमध्ये ठेवावी लागणारी इन्सुलिनसारखी औषधे, नशेची औषधे आणि अर्धवट राहिलेली प्रतिजैविके आम्ही कधीही पुढे दिली नाहीत. आलेल्या मालापैकी निम्म्याहून अधिक माल असा नाकारला जाई. नाकारलेला माल आम्ही जैववैद्यकीय कचऱ्याच्या गाडीत देत असू. म्हणजे व्याख्यात्यांची भट्टीही आमच्या व्यवस्थेत होतीच, मात्र तेथे काय जावे हे आधी कोणी तरी पाहत असे.

उन्हाळ्याचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या घरात त्याहूनही अधिक, आणि अशा घरात चार महिने पडलेल्या गोळीचा भरवसा काय? आक्षेप रास्त आहे. तथापि, औषधाची मुदत ठरवताना ते ४० अंश तापमानात आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून तपासले जाते, हे एक. आणि त्या पाकिटातील पहिल्या सहा गोळ्या ज्या रुग्णाने त्याच पत्र्याखाली राहून घेतल्या, त्याच्याविषयी आपण कधी हा प्रश्न विचारला नाही, हे दुसरे. अमेरिकन सैन्याच्या साठ्यातील १२२ औषधांच्या ३,००५ बॅचेस तपासून २००६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात ८८ टक्के बॅचेस छापील मुदतीनंतर किमान एक वर्ष चांगल्या राहिल्याचे आढळले. ती औषधे उत्तम गोदामात ठेवलेली होती, म्हणून मुदत संपलेली औषधे वाटा असे मी कदापि म्हणणार नाही. पण मुदतीच्या आत असलेली, पत्र्यात बंद असलेली साधी कोरडी गोळी इतकी नाजूक नसते, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. ज्या औषधांविषयी खरोखर शंका घ्यावी, त्यांच्यासाठी नेदरलँड्समध्ये एक उपाय करून पाहिला गेला आहे. तेथे चार रुग्णालयांच्या औषधालयांतून हजाराहून अधिक कर्करुग्णांना महागड्या गोळ्या सीलबंद पिशवीत, तापमान नोंदवणाऱ्या चकतीसह दिल्या. उरलेल्या परत घेऊन, तपासून, दुसऱ्या रुग्णांना दिल्या. २०२३ मध्ये जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला त्यानुसार औषधांची नासाडी सुमारे दोनतृतीयांशाने घटली. तापमानाची चकती ही काही चंद्रावरची वस्तू नाही.

येथे मी एक अप्रिय सत्य बोलणार आहे. परवान्याचा शिक्का म्हणजे सुरक्षितता, हे समीकरण महाराष्ट्राने तरी करू नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, आणि ते विष कोणाच्या पत्र्याच्या डब्यातून आलेले नसून खरेदीच्या रीतसर वाटेने आलेले आहे, हे सर्वांसमोर आले. २०२५ साली छिंदवाड्याकडची लहान मुले खोकल्याच्या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि त्यांतली कित्येक वाचली नाहीत. ते औषधही कारखान्यातून दुकानात आणि दुकानातून घरात, सर्व कागदपत्रांसह आले होते. म्हणून परवाने रद्द करा, असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. तपासणी वाढवा, असाच काढील. मग उरलेल्या औषधाच्या बाबतीतच 'धोका आहे, सबब बंद करा' हा न्याय कोणता?

रक्ताच्या बाबतीत आपण तो न्याय लावला नाही. रक्तातून एड्सचा विषाणू पसरतो हे कळले, तेव्हा रक्तपेढ्या बंद झाल्या नाहीत. चाचण्या सक्तीच्या झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून रक्तविक्रेत्यांची जागा ऐच्छिक दात्यांनी घेतली. आणि मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी काढली, ती तर याहून मोठी साक्ष आहे. एका मातेचे दूध दुसरीच्या, तेही अकाली जन्मलेल्या, मूठभर वजनाच्या बाळाला! त्याहून नाशिवंत आणि त्याहून नाजूक दान कोणते असेल? पण तेथे तपासणी होती, पाश्चरीकरण होते, शीतपेटी होती, नोंद होती. म्हणजे मध्ये जाणता हात होता. त्या बाळाला कोणी उष्टे पाजले, असे म्हणण्याचे धाडस आमचे व्याख्याते करतील काय?

'उष्टे' या शब्दाने मला सभागृहातून घरी येईपर्यंत बोचणी लावली, म्हणून त्याविषयी थोडे अधिक लिहितो. उष्टे म्हणजे ज्याला दुसऱ्याचे तोंड लागले ते. पत्र्यात बंद असलेल्या गोळीला कोणाचेही तोंड लागलेले नाही. थोरल्याची पाठ्यपुस्तके जूनमध्ये नवी खाकी वेष्टने घालून धाकट्याच्या दप्तरात जातात; शेजारच्या ताईची पुस्तके अर्ध्या किमतीत घेऊन कित्येक मुले शाळान्त परीक्षेला बसली आणि पहिली आली; त्यांच्या विद्येला कोणी उष्टी म्हटले नाही. अपमान वस्तूत नसतो, ती देण्याच्या रीतीत असतो. जे मी स्वतः घेणार नाही ते दुसऱ्याला देणे, हा अपमान. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या तत्त्वांचा आधार व्याख्यात्यांनी घेतला, त्यांतही गुणवत्तेची दोन मापे असू नयेत हेच सांगितले आहे. नेदरलँड्समध्ये परत आलेल्या गोळ्या गरीब पाहून दिल्या नाहीत. पुढच्या ज्या रुग्णाला हव्या होत्या त्याला दिल्या. आणि मी स्वतः माझ्या रक्तदाबाची टेल्मिसार्टन चार वर्षे त्याच राखाडी कपाटातून, त्याच नोंदवहीत सही करून घेत आलो. रांगेतल्या माणसांना ते दिसत असे. त्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

कायद्याकडे वळू. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम १८(क) नुसार परवान्यावाचून औषधाची विक्रीच काय, साठा वा वितरणही करता येत नाही. आणि रुग्णाकडून परत आलेल्या औषधासाठी त्या कायद्यात कोणतीही वाट आखून दिलेली नाही. ज्या काळी तो कायदा झाला, त्या काळी औषधे मुख्यतः बाटल्यांत व पुड्यांत बांधून दिली जात, हे लक्षात घेतले तर त्या मौनाचे आश्चर्य वाटू नये. पण त्याच कायद्याखाली 'डॉक्टरांसाठी नमुना, विक्रीसाठी नाही' असे छापलेली पाकिटे वर्षानुवर्षे कंपनीच्या प्रतिनिधीच्या बॅगेतून डॉक्टरांच्या खणात आणि खणातून एखाद्या गरजू रुग्णाच्या मुठीत जात आहेत. त्या खणाला ना नोंदवही, ना फार्मासिस्ट, ना तापमानाची चकती. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. त्या खणाने अनेकांचे महिने निभावून नेले आहेत. परंतु कंपनीने जाहिरातीसाठी फुकट दिलेली गोळी गरिबाला चालते, आणि एका विधवेने पतीच्या पश्चात दिलेली तीच गोळी, त्याच बॅचची, चालत नाही, या भेदाचे समर्थन मला आजवर कोणी दिलेले नाही.

केरळने २०२५ मध्ये कोळिक्कोडपासून सुरुवात करून घराघरांतून टाकाऊ औषधे गोळा करण्याची सरकारी योजना उभी केली, आणि त्याच वर्षी केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेनेही विल्हेवाटीची मार्गदर्शिका काढली. नद्यांत आणि कचऱ्याच्या डेपोंत औषधे मुरू नयेत, हा हेतू उत्तमच. पण गोळा झालेले सारे एकाच भट्टीकडे जाते. ज्या यंत्रणेला दारोदार जाऊन पिशवी उचलता येते, तिला त्या पिशवीतून एक वर्ष मुदत बाकी असलेले अखंड पाकीट वेगळे काढणे अशक्य आहे, हे मला पटत नाही. दिल्लीत ओंकारनाथ शर्मा नावाच्या वृद्ध गृहस्थांनी, २००८ साली मेट्रोचा पूल कोसळून जखमी झालेल्या मजुरांचे औषधावाचून झालेले हाल पाहून, भगव्या सदऱ्यावर आपले आवाहन लिहून, पायी फिरत हे काम आरंभले आणि लोक त्यांना 'मेडिसिन बाबा' म्हणू लागले. एका म्हाताऱ्याच्या पायांनी जे झाले, त्याला राज्याचे हात मिळू नयेत काय?

राहिला अखेरचा आक्षेप, की औषध पुरवणे हे शासनाचे काम आहे आणि दानाने शासन सैल पडते. त्याचा पूर्वार्ध मला अक्षरशः मान्य आहे. जनऔषधी दुकाने २००८ पासून आहेत, ती वाढावीत. फेब्रुवारी २०१९ मध्ये ४२ कर्करोगविरोधी औषधांवरचा नफा ३० टक्क्यांवर बांधला गेला, तसे आणखी बांधले जावे. पण २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे या देशातील आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम अजून माणसे आपल्या खिशातूनच भरत आहेत, आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेसारखी मोलाची योजनाही मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांपुरती आहे; घरी आल्यावर वर्षानुवर्षे घ्यायच्या गोळीचा भार ती उचलत नाही. उत्तरार्ध मात्र मी अनुभवाने नाकारतो. आमच्या नोंदवहीत, न मिळालेल्या औषधांचाही रकाना होता: कोणत्या गावचा रुग्ण, कोणते औषध, किती महिने खंड. सरकारी पुरवठ्यात काय कमी पडते याचा तो तारीखवार दाखला होता, आणि डॉक्टर तो दर तिमाहीला वरिष्ठांकडे पाठवत असत. ते कपाट गेले तसा तो रकानाही गेला. आता त्या तुटवड्याची नोंद कोणाकडेच होत नाही.

कपाट गेले ते असे. गेल्या पावसाळ्यात एक अधिकारी आले. सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चहा घेतला, नोंदवही पानन्‌पान वाचली, तीत एकही चूक काढली नाही, आणि कायद्यात तरतूद नसल्यामुळे हा साठा नष्ट करण्यावाचून गत्यंतर नाही असे सांगितले. त्यांनी आपले कर्तव्य केले. पंचनामा झाला, त्याची प्रत माझ्यापाशी आहे. सातव्या ओळीत लिहिले आहे: लेट्रोझोल २.५ मि.ग्रॅ., दहा गोळ्यांची पाकिटे नऊ, मुदत शिल्लक चौदा महिने. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर ही गोळी बहुधा पाच वर्षे रोज एक घ्यावी लागते. ती पाकिटे एका मुलीने आईच्या पश्चात आणून दिली होती, आणि तालुक्यापलीकडच्या एका गावाहून येणाऱ्या शेतमजूर बाईंसाठी मी ती वेगळी लावून ठेवली होती.

त्या बाई पुढच्या गुरुवारी आल्या. मी रिकाम्या कपाटाकडे बोट दाखवले आणि काय झाले ते सांगितले. "गोळ्या खराब व्हत्या का, काका?" त्यांनी विचारले. खराब नव्हत्या, असे मी म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग त्यांनी कापडी पिशवीतून, फडक्यात गुंडाळलेले, मागच्या महिन्याचे पाकीट काढले, त्यात सहा गोळ्या शिल्लक होत्या, आणि ते टेबलावर माझ्यापुढे सारून हळू आवाजात म्हणाल्या, "मंग ह्या बी जमा करायच्या का?"

मी ते पाकीट त्यांच्या हातात परत ठेवले, आणि पाठीमागची मुदत त्यांना पुन्हा एकदा वाचून दाखवली.